खोल श्वासाबद्दल आणि गोळ्यांबद्दल

तुमच्या लेखात पॅनिक अ‍ॅटॅक (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका) आला की 'खोल श्वास घ्या' असं सांगितलंय. माझा अनुभव थोडा वेगळा. त्या वेळी आपण आधीच भराभर श्वास घेत असतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हातापायांना मुंग्या, चक्कर त्यातूनच येते. मोठा श्वास ओढण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष दिलेलं बरं. अ‍ॅटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरू लागतो. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत, सरळ दवाखाना गाठा.)

औषधांचा विषय तुम्ही एका ओळीत उरकलात, आणि खरी धाकधूक तिथेच असते! बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी नैराश्य-चिंतेवरची गोळी देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चार दिवसांत गोळी सोडून मोकळा होतो. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोसही कमीच ठेवला होता, म्हणून निभावलं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लगेच शांत करतात, पण त्यांची सवय लागते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर त्या घेणाऱ्यांपुढे तर हात टेकले. बरं वाटलं म्हणून कुठलीच गोळी एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

आणि हो, थायरॉइड एकदा तपासून घ्या. त्याचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते.