शिवी आणि धमकी एक नव्हे

ऑनलाइन शिवीगाळीवरचा तुमचा लेख वाचला. ‘वाईट बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगारच’ असा त्याचा सूर आहे. तो मला पटला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमात, आपण हेच भोगलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. त्यातल्या एकीने तर ती फक्त लाइक केली होती! २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. झोंबणारं बोलणं वेगळं आणि चिथावणी वेगळी, हे त्याच निकालात आहे.

पण दुसरी बाजूही घरात पाहिली. इथे नागपुरात, प्रतापनगरला, ताईच्या सोसायटीत टँकरच्या पैशांवरून भांडण झालं. एका गृहस्थाने ग्रुपवर तिला नाही नाही ते म्हटलं. ते तिने गिळलं. मग रात्री अकराला तिला एकटीला मेसेज आला: ‘मुलगी साडेसहाला ट्यूशनहून येते ना? त्या गल्लीत दिवे नसतात.’

एकही शिवी नाही. मी पोहोचले तेव्हा ताई मोबाइल पालथा ठेवून बसली होती, हात थरथरत होते. तक्रार द्यायला गेलो तर समोरून प्रश्न, ‘यात शिवी कुठंय?’ अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धाक घालण्याबद्दल आहे. त्याला शिवी लागतच नाही! ग्रुपवरच्या शिव्यांसाठी मी पोलिसांकडे गेले नसते. या दोन ओळींसाठी पुन्हा जाणार आहे.

भाचीला आता रोज कोणीतरी आणायला जातं.