पोटमाळ्यावरचा उष्णतारोधक थर : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

वीज आणि इंधन वाचवण्यासाठी पोटमाळ्याच्या तळावर ग्लासवूलसारखा (काचेच्या बारीक तंतूंचा) उष्णतारोधक थर अंथरावा, या सल्ल्याच्या विरोधात एक संदेश बराच फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की उष्णता नेहमी वर जाते, त्यामुळे या थराचा उपयोग झालाच तर थंडीत होतो. उन्हाळ्यात तो उष्णता कोंडून घराची भट्टी करतो. त्याच्यामुळे छपराला ओल धरते. आणि हौसच असेल तर पोटमाळ्याच्या फळ्यांखाली चकाकती ॲल्युमिनियमची शीट दाबून बसवावी, ती जाड थराइतकेच काम करते, असे त्यात ठासून सांगितले आहे. चारही विधानांत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती पटकन पटतात.

पहिल्या विधानाचा निकाल लवकर लागतो. वर जाते ती गरम हवा. उष्णता मात्र जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, मग ती दिशा वरची असो, खालची असो की आडवी. भर उन्हात गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज तापतो आणि त्याच्या पोटाकडून निघालेली उष्णता प्रारणाच्या, म्हणजे किरणांच्या, रूपाने सरळ खाली येते. थर दोन्ही ऋतूंत एकच काम करतो, तो हा प्रवाह मंदावतो.

किती मंदावतो, हे ढोबळ हिशेबाने पाहता येते. छताचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक १५ अंश आणि उघड्या छताचा मूळचा उष्णतारोध ०.५ एकक धरला, तर त्यातून सुमारे १,५०० वॅट उष्णता जाते. १०० मिलिमीटर ग्लासवूल अंथरल्यावर हाच आकडा २५० वॅटवर येतो, २०० मिलिमीटरला १३६ वर आणि ३०० मिलिमीटरला ९४ वर. मोठी बचत पहिल्या थरातच होते. त्यामुळे आधीच बऱ्यापैकी थर असलेल्या घराला ‘आणखी जाड करा, बिल निम्मे होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावरही तितकाच अविश्वास दाखवायला हरकत नाही.

‘उन्हाळ्यात भट्टी’ या विधानाचे मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे. थर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. परंतु खिडक्यांतून दिवसभर ऊन आत येऊ दिले, वर स्वयंपाक आणि उपकरणांची उष्णता साठली आणि रात्री खिडक्या बंद ठेवल्या, तर ती उष्णता छतातून पूर्वीपेक्षा सावकाश बाहेर पडते, हे खरे आहे. यावर उपाय दिवसा खिडक्यांना बाहेरून सावली देणे आणि रात्री वारा खेळता ठेवणे हा आहे; थर काढून टाकला तर दुसऱ्या दिवशी दुपारी तापलेले छप्पर पुन्हा डोक्यावर उष्णता ओतणारच.

ओलीचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि थराच्या समर्थकांनी तो झटकून टाकू नये. थंड हवामानात थर घातल्यावर पोटमाळा पूर्वीपेक्षा थंड राहतो. घरातल्या २० अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतील बाष्प सुमारे १२ अंशांपर्यंत थंड झाले की त्याचे थेंब बनू लागतात. ही हवा फटींतून वर गेली की छपराच्या थंड पोटाला पाणी सुटते, लाकडावर बुरशी चढते आणि ठिबकून भिजलेला थर निकामी होऊ लागतो, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक सहज वाहते. परंतु दोष येथे थराचा नसून तो बसवण्याच्या पद्धतीचा आहे. नळ आणि वायरी जिथून वर जातात ती भोके बुजवावीत, न्हाणीघराच्या पंख्याची नळी पोटमाळ्यात न सोडता थेट बाहेर काढावी आणि थर वळचणीपर्यंत ठासू नये, म्हणजे तेथून हवा खेळती राहते. छप्पर गळत असेल तर आधी ती गळती काढावी.

चकाकत्या शीटबद्दलचे विधान अर्धवट माहितीतून आलेले आहे. स्वच्छ ॲल्युमिनियम प्रारणाचा बहुतांश भाग परतवते, पण त्यासाठी तिच्या चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी असावी लागते. फळ्यांखाली दाबून बसवली की ती नुसती धातूची पातळ पट्टी उरते, आणि धातूतून उष्णता ग्लासवूलपेक्षा हजारोपट वेगाने वाहते. छपराच्या वाशांच्या खालच्या अंगाला, चकाकी खाली ठेवून बसवली तर तिच्यावर धूळ साठत नाही आणि उन्हाळ्यात ती खरोखर उपयोगी पडते. थंडीत मात्र उष्णता बऱ्याच अंशी हवेच्या हालचालीने वर जाते, आणि तिला शीट अडवू शकत नाही.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही ते म्हणजे राहिलेल्या जागा. वरच्याच हिशेबात २०० मिलिमीटरचा थर घालून केवळ ५ टक्के छत उघडे राहिले, तर १३६ वॅटऐवजी सुमारे २०५ वॅट उष्णता जाते. म्हणजे एवढ्याशा फटींनी गळती दीडपट होते. थरावर जुन्या ट्रंका आणि पेट्या रचून तो चेपला तरी नुकसानच होते, कारण रोध करते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. सर्वांत जास्त विसरले जाते ते माळ्यावर चढण्याच्या भोकाचे झाकण: त्याच्या पाठीला थर चिकटवावा आणि कडेने रबरी पट्टी लावावी, मगच आणखी जाडी विकत घेण्याचा विचार करावा.