सात दिवसांत दोन इंच केस? आधी डोक्यावरची लसणाची पिशवी काढा

‘हेअरकट बिघडला? रडू नका! ७ दिवसांत २ इंच केस वाढवणारे ५ घरगुती उपाय. पार्लरवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘प्रत्येक मैत्रिणीला पाठवा’.

नाशकात सिडको ते म्हसरूळ असा सगळा फेरफटका मारून हा मेसेज अखेर आमच्या बारावीतल्या भाचीकडे आला. कपाळावरची झुलपं भुवयांच्या दोन बोटं वर कापली गेल्यामुळे ती आधीच रडकुंडीला आलेली. मेसेज वाचून लसूण सोलायला बसली होती. म्हणून हे लिहिणं.

पाच उपाय असे. एक, लसूण, लिंबू आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट डोक्याला चोळून वर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि रात्रभर ठेवायची. दोन, एकदा पूर्ण टक्कल करायचं, ते जमत नसेल तर दर पंधरा दिवसांनी टोकं कापायची. केस दाट आणि भराभर येतात म्हणे. तीन, रोज चार मिनिटं पलंगावरून डोकं खाली लटकवायचं. चार, बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी. पाच, कांद्याचा रस. आणि शेपटाला ‘अमावास्येला केस कापू नये’ हे आहेच.

आधी साधा हिशेब. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सात दिवसांत अडीच-तीन मिलिमीटर, तिळाच्या दाण्याएवढा. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर, त्याला चार-पाच महिने लागणारच. वाढ होते ती त्वचेखाली, केसाच्या मुळाशी. बाहेर लोंबतो तो निर्जीव धागा असतो, नखासारखा. नखाला तूप चोळून नख वाढलेलं कुणी पाहिलंय का?

आता तो लसूण. बाकीचे उपाय बहुतेकांचा फार तर वेळ आणि पैसा खातात, हा कातडी खातो.

लसूण ठेचला की त्याच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळे ठेवलेले घटक एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. तो झणका त्याचाच. ठेचा जिभेवर क्षणभर टेकला तरी आपण पाण्याकडे धावतो, आणि इथे तोच आठ तास डोक्यावर ठेवायला सांगितलाय, तोही प्लास्टिकखाली! पिशवीत वारा नाही, घाम आतच, कातडी भिजून मऊ झालेली; अशा कातडीत रस जास्त खोल उतरतो. नुसत्या कच्च्या लसणाने कातडी भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी त्वचारोगांच्या जर्नलांत कितीतरी आहेत. आधी आग होते, मग लाल चट्टा, मग पाण्याने भरलेले फोड. त्यात नुकतेच केस कापून आलेलं डोकं असेल तर मानेवर आणि कानामागे वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडलेले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, लसणाला बरोबर सापडतात.

वर लिंबू आणि सोडा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर आणि डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. लिंबू जास्त पडलं तर एका बाजूने छळ, सोडा जास्त पडला तर दुसऱ्या. सोड्याने केसावरची खवल्यांची बारीक पापुद्र्यासारखी थर उघडी पडते आणि केस राठ होतात, तो तोटा वेगळाच. दोन्ही मिसळल्यावर पेस्ट फसफसते म्हणून बघणाऱ्याला वाटतं, औषध काम करतंय. तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड, खमणाच्या पिठातून निघतो तोच. आणि सकाळी लिंबाचा रस नीट न धुता स्कूटीवरून गंगापूर रोडला क्लासला निघालात, तर उन्हाने त्या कातडीवर काळे डाग किंवा फोड उठू शकतात. लिंबूवर्गातल्या फळांच्या रसाचा हा ठाऊक असलेला दुर्गुण आहे.

हे इतकं ताणून सांगायचं कारण एकच. आखूड झालेला केस परत वाढतो. पण भाजणं खोलवर गेलं, व्रण पडला आणि केसाचं मूळच मेलं, तर त्या जागी पुन्हा केस येत नाही. तीन महिन्यांच्या अडचणीवर उपाय म्हणून जन्माचं टक्कल, असा हा सौदा.

कुणी आधीच लावून बसलं असेल तर: पिशवी काढा, नळाच्या साध्या गार पाण्याखाली निदान वीस मिनिटं डोकं धुवा, पाणी डोळ्यांत जाऊ न देता. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. फोड फोडू नका. फोड आले असतील किंवा आग थांबत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि लसूण लावला होता हे न लाजता सांगा.

दुसरा मुद्दा टक्कल करण्याचा. हा तर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेला. त्याचा निकाल १९२८ साली लागलाय. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी चार पुरुषांना ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या साबणाने दाढी करायला लावली, निघालेले केस गोळा केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. वस्तरा फिरवल्याने ना जाडी वाढली, ना वेग. माणसं चारच होती, हे मान्य. पण त्यानंतरही कुणाला याच्या उलट काही सापडलेलं नाही, आणि २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने वैद्यकातल्या लोकप्रिय गैरसमजांची झाडाझडती घेतली तेव्हाही बाईंच्याच कामाचा दाखला दिला. तर्कही सोपा आहे. वस्तरा कातडीच्या वर चालतो, केस खाली तयार होतो. वर काय कापलं याची खबर खाली पोचत नाही.

मग दाट का वाटतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापलेल्याचं टोक बोथट, खुंटासारखं. सगळे खुंट एकाच उंचीचे, हाताला टोचणारे, उन्हाने अजून फिके न पडलेले. म्हणून जाड भासतात. बाळाचं जावळ काढल्यावर दाट केस येतात, तेही येणारच असतात. जावळाचे मऊ केस आपोआप गळून त्यांच्या जागी जाड केस यायचा तोच काळ असतो, श्रेय न्हाव्याला मिळतं. आणि क्षौराने केस दाट होत असते, तर रामकुंडावर विधी करून घरी गेलेले सगळे टकले काका महिन्याभरात भांग पाडताना दिसले असते.

टोकं कापण्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. केसांना फाटे फुटले असतील तर फाटा वर वर चिरत जातो आणि केस अधेमधे तुटतो. टोक कापलं की हे थांबतं. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर पंधरा दिवसांनी? पंधरा दिवसांत केस अर्धा सेंटिमीटर वाढतो आणि ‘ताई, फक्त टोकं’ म्हटलं की एक सेंटिमीटर तरी जातो. बेरीज-वजाबाकी येत असेल तर पुढचं सांगायला नको.

डोकं लटकवण्याबद्दल फार लिहीत नाही. रक्तदाब, काचबिंदू, चक्कर किंवा मानेचं दुखणं असलेल्या माणसाने हा उद्योग अजिबात करू नये. उलटं झालं की डोळ्यांतला दाब वाढतो. बाकीच्यांचा चेहरा लाल होईल, केस होते तेवढेच राहतील.

बायोटिनची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम आहे आणि ती साध्या जेवणातून भागते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या अडीचशे पट किंवा त्याहूनही जास्त. कमतरताच नसेल तर गोळीने कापलेला केस लवकर वाढत नाही. वर एक खरा धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१७ साली इशारा दिला की जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. थायरॉइडचे आकडे भलतेच येतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. गोळी चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगा.

कांदा. इथेही अर्धं खरं आहे, आणि मेसेजवाल्यांनी ते बरोबर चुकीच्या ठिकाणी चिकटवलंय. २००२ साली एका जपानी त्वचारोग जर्नलमध्ये बगदादच्या डॉक्टरांचा एक लहानसा अभ्यास आला होता. चाई पडलेल्या रुग्णांनी त्या जागी दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला आणि बऱ्याच जणांना सहा आठवड्यांत केस आले. पण चाई हा आजार आहे, त्यात केस गळून गोल चकती पडते. चुकीच्या कात्रीने चाई पडत नाही. तुमची मुळं ठणठणीत आहेत, ती आपल्या गतीने काम करतायत, त्यांना कांदा नकोय. नुसत्या रसाने लांब केस येत असते तर लासलगावात सलूनवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नसती.

अमावास्येचं सोडून देतो. केसाला पंचांग वाचता येत नाही.

या सगळ्यात मेसेज ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही तोच खरा प्रश्न आहे: बिघडलेला असतो तो आकार. लांबी फक्त कमी पडलेली असते, आणि ती वाढेपर्यंत थांबावंच लागतं. आकार मात्र याच आठवड्यात सुधारता येतो.

पहिली गोष्ट, घरी एक-दोनदा केस धुऊन होईपर्यंत कात्रीला हात लावू नका. पार्लरमध्ये ब्रशने ओढून वाळवलेले केस आणि तुमच्या बाथरूममधून बाहेर आलेले केस वेगळे पडतात. ओला केस ताणला जातो. ओल्यावर कंगव्याने खेचून कापला की वाळल्यावर वर चढतो, आणि लहरी किंवा कुरळा असेल तर एक-दोन इंचही चढतो. झुलपं नेहमी आखूड होतात ती याच कारणाने.

मग मोजा. दोन्ही पाय जमिनीला टेकवून ताठ बसा, हनुवटी सरळ, भांग मध्ये. दोन्ही बाजूंचे केस पुढे घेऊन सारख्याच ताणाने धरा आणि गळ्याच्या हाडापाशी टोकं जुळतात का पाहा. अर्धा सेंटिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. कान आणि खांदेही कुणाचे अगदी एका पातळीत नसतात. त्याहून जास्त असेल तर आठवड्याच्या आत त्याच पार्लरमध्ये परत जा. दिवसाच्या उजेडात समोरून, बाजूने आणि मागून काढलेले फोटो दाखवा आणि नेमकं सांगा: ‘लांबी कमी करू नका, खालची रेघ जुळवा.’ ‘जरा नीट करून द्या’ म्हणालात तर आणखी दोन बोटं जातील.

थिनिंगच्या कात्रीने केस फार विरळ केले असतील तर पुन्हा ती कात्री लावू देऊ नका. आतले तुकडे केलेले केस बाहेरच्या केसांना टेकून वर उठतात आणि डोकं पिसारल्यासारखं दिसतं. ते तीन-चार महिन्यांत खाली बसतात, तोवर किंचित तेलाचा हात किंवा सीरमचे दोन थेंब, फक्त टोकांना.

मुलांचं वेगळं. मशीनचा गार्ड, म्हणजे लांबी ठरवणारं दातेरी टोपण, सरकून कानावर चट्टा पडला तर अंक लक्षात ठेवा: एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. एक नंबरचा चट्टा दोन नंबरच्या बरोबरीला यायला आठ-नऊ दिवस लागतात. तेवढं थांबता येत नसेल तर त्याच पट्ट्यातली दुसरी बाजूही एक नंबर करून वरची रेघ कंगवा आणि कात्रीने विरवून घ्यावी. मशीन आणखी वर नेऊ देऊ नका.

आणि झुलपं. आखूड झाली की ती कपाळावरच्या भोवऱ्याने उभी राहतात. सकाळी फक्त मुळं ओली करा, टोकं नाही. आपोआप वाळायच्या आत ड्रायर मध्यम गरम ठेवून वरून खाली धरा आणि चपट्या ब्रशने सगळी झुलपं आधी उजवीकडे, मग डावीकडे, अशी सहा-सात वेळा आलटून पालटून ओढा. मग मधे आणून गार होईपर्यंत हाताने दाबून धरा, कारण केस बसतो तो गार होताना. गोल ब्रश वापरू नका, तो केस उचलतो आणि झुलपं आणखी आखूड दिसतात. रेघ फार ठोकळेबाज वाटत असेल तर पार्लरमध्ये कात्री उभी धरून टोकांना तीन-चार मिलिमीटरचे दाते पाडून घ्या. भाचीचंही एवढ्यावर भागलं. दोन बोटं भरून यायला तीन महिने लागतील, तोवर भांग बाजूला आणि एक पिन. पुढच्या वेळी झुलपं कोरडीच कापायला सांगायची आणि पहिली कात्री भुवईच्या खाली, नाकाच्या हाडापाशी लावायला लावायची; तिथून वर जाता येतं.