बत्तीस बोअरचं पिस्तूल पोकळ टोकाच्या काडतुसांवर अडकतं, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की सर्व्हिसिंग करून नेलेलं तुमचं बत्तीस बोअरचं छोटं पिस्तूल रेंजवर पहिल्याच मॅगझिनला अडकलं. गोल टोकाच्या काडतुसांवर ते व्यवस्थित चालतं, पण नव्या, पोकळ टोकाच्या काडतुसांवर दर मॅगझिनला एकदा तरी थांबतं आणि स्लाइड मागेपुढे करूनही सुटत नाही. आम्ही पिस्तूल कोरडंच परत दिलं, अशीही तक्रार आहे. आणि दुसऱ्या एका कारागिरानं फीड रॅम्प, म्हणजे ज्या उतारावरून काडतूस मॅगझिनमधून नळीत चढतं तो भाग, घासून घ्यायला सांगितलंय.

तक्रार नेमकी लिहिलीत, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय. आधी एक विनंती: रॅम्पला अजून कानस लागली नसेल तर लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून दोष रॅम्पचा वाटत नाही. मॅगझिनच्या आत काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकतायत. याला रिम लॉक म्हणतात, आणि बत्तीस बोअरमध्ये ही जुनी, माहितीतली अडचण आहे.

हे काडतूस ब्राउनिंगनं 1899 साली आणलं. त्याच्या बुडाशी अर्धवट बाहेर आलेली कडा आहे. बुडाजवळ पुंगळीचा (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचा) व्यास साधारण 8.55 मिलिमीटर, कडेचा 9.1. म्हणजे कडा दोन्ही बाजूंना पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त बाहेर येते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, काडतूस या कडेवरच टेकतं, त्यामुळे तिथे ती हवीच. मॅगझिनमध्ये मात्र तीच त्रास देते. दोन खिळे एकावर एक आडवे धरून पाहा. वरच्या खिळ्याचं डोकं खालच्याच्या डोक्याच्या पुढे असेल तर वरचा सहज पुढे सरकतो. ते मागे असेल तर वरचा ओढताना खालचाही ओढला जातो. मॅगझिनमधल्या काडतुसांचं अगदी हेच होतं. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की स्लाइड कितीही जोरात आली तरी काडतूस पुढे निघत नाही.

मग गोल टोकाच्या काडतुसांवर हे का होत नाही? लांबीमुळे. या बोअरच्या काडतुसाची कमाल लांबी 25 मिलिमीटर आणि मॅगझिनची आतली जागा त्याच हिशेबानं बनवलेली असते. 71 ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल टोकाचं काडतूस ती जागा जवळजवळ भरून टाकतं, त्याला पुढेमागे सरकायला वाव राहत नाही. 60 ग्रेनची पोकळ टोकाची काडतुसं मात्र साधारण 1 ते 2 मिलिमीटर आखूड असतात. बार झाला की पिस्तूल झटक्यानं मागे येतं, आतली काडतुसं मात्र जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजे मॅगझिनच्या हिशेबानं ती पुढे सरकतात. खालचं काडतूस असं पुढे गेलं की त्याची कडा वरच्याच्या कडेपुढे येते आणि कुलूप बसतं. मॅगझिन नीट भरलं तरी हे होऊ शकतं, कारण कडा भरताना सरकत नाहीत, बार होताना सरकतात. त्यामुळे "मी काळजीपूर्वक भरलं होतं" हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आमच्याकडे चाचणी 71 ग्रेनच्या गोल टोकाच्या काडतुसांनी झाली होती आणि तसं कामाच्या कागदावर लिहिलेलं आहे. तिथे पिस्तूल चाललं आणि तुमच्याकडे अडकलं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकमेकींच्या विरुद्ध नाहीत.

खात्री तुम्ही स्वतः करू शकता, पण फक्त परवानगी असलेल्या रेंजवर, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावूनच. दोन्ही मॅगझिनवर चिकटपट्टीनं 1 आणि 2 असे आकडे लिहा. तीच पोकळ टोकाची काडतुसं घ्या, पण मॅगझिनमध्ये एका वेळी एकच भरा, स्लाइड सोडा आणि बार करा. असं दहा वेळा करा. मग एका वेळी दोन भरा, नंतर चार, शेवटी पूर्ण मॅगझिन. रिम लॉकला दोन काडतुसं लागतातच. एकेक भरल्यावर दहाच्या दहा निघाली आणि दोन किंवा जास्त भरल्यावर अडकू लागली, तर रॅम्प निर्दोष आहे, कारण रॅम्पवरून जाणारं काडतूस दोन्ही वेळा तेच होतं. एकेक भरूनही टोक रॅम्पवर टेकून थांबत असेल तर मात्र आमचं निदान चुकीचं आहे, आणि रॅम्प, मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी चेंबरमधून ओढणारं नख) पुन्हा तपासावे लागतील. अडकलं ते 1 नंबरच्या मॅगझिनवरच की दोन्हींवर, हेही लिहून ठेवा. एकाच मॅगझिनवर अडकत असेल तर त्याचे ओठ फाकलेत किंवा स्प्रिंग थकलीय, असा संशय आधी घ्यायचा.

अडकल्यावर काय करायचं हे जरा सविस्तर लिहितो, कारण नेमक्या याच क्षणी माणसं घाई करतात. मॅगझिनच्या बुडाला थाप मारून स्लाइड ओढणं हा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. उलट स्लाइडच्या प्रत्येक धक्क्यानं कडा आणखी घट्ट बसतात. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. स्लाइड मागे ओढून अडकवा, मग मॅगझिन खाली खेचा. ते बाहेर आल्यावर स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागेपुढे करा, परत मागे अडकवा आणि चेंबर डोळ्यांनी बघून करंगळीनं चाचपा. चेंबर रिकामं असल्याची खात्री झाल्यावर पिस्तूल बाजूला ठेवा आणि मॅगझिन हातात घ्या. वरून टॉर्च मारलीत तर दिसेल: सर्वात वरच्या काडतुसाचं टोक किंचित खाली झुकलंय आणि अंगठ्यानं पुढे ढकललं तर ते जागचं हलत नाही. त्याची कडा खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकलेली असते. स्क्रू ड्रायव्हर घालून मागून उचकू नका, तिथे प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टोपी, आहे. मॅगझिनचं बूड काढा. काढताना तळहातानं झाकून धरा, नाहीतर स्प्रिंग उडते. स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) काढून काडतुसं खालून बाहेर घ्या. ज्या काडतुसांच्या कडेवर नवा ओरखडा किंवा दबलेली जागा दिसेल ती पुन्हा वापरू नका, वेगळी काढा.

तुमच्या अभिप्रायात एक वाक्य आहे, "एकदा पुंगळी खिडकीत उभी राहिली". रिकामी पुंगळी स्लाइडमधून बाहेर पडायच्या फटीत अडकली, असा हा वेगळा प्रकार आहे, रिम लॉक नव्हे. इथे स्लाइड पुरेशी मागे गेलेली नसते. 60 ग्रेनची गोळी वेगानं जास्त असली तरी वजनानं हलकी, त्यामुळे स्लाइडला मिळणारा धक्का बरेचदा थोडा कमी पडतो. पिस्तूल साध्या ब्लोबॅकचं असलं, म्हणजे स्लाइड केवळ तिच्या वजनानं आणि स्प्रिंगनं धरलेली असली, तर हा फरक लगेच जाणवतो. त्यात छोट्या पिस्तुलाची पकड दोनच बोटांची आणि मनगट सैल, मग पुंगळी अर्धवट बाहेर पडून खिडकीतच अडकते. मनगट ताठ ठेवून एक मॅगझिन चालवून पाहा. तरीही होत राहिलं तर इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी बघू. स्प्रिंग मात्र हलकी करून घेऊ नका. आज पुंगळी नीट पडेल, पण स्लाइड मागे जोरात आदळून फ्रेमला चीर जाण्याची भीती राहते.

आता रॅम्प. पॉलिश करणं आणि घासणं ही दोन वेगळी कामं आहेत. बारीक पॉलिश पेपरनं खरबरीतपणा काढला तर कोन बदलत नाही, धातू नावापुरताच जातो. कानस लागली की कोन बदलतो आणि चेंबरचं तोंड खालून पुढे सरकतं. मग पुंगळीच्या बुडाचा तेवढा भाग आधाराविना उघडा राहतो. बार होताना दाब तिथेच पुंगळी फुगवतो, कधी फाडतो. काही छोट्या पिस्तुलांत रॅम्प अॅल्युमिनियमच्या फ्रेमवरच असतो. वरचा कडक थर घासला गेला की खालचा मऊ धातू गोळीच्या टोकानं खळगे पडून आणखी खराब होतो. गेलेला धातू परत भरता येत नाही. म्हणून निदान पक्कं झाल्याशिवाय आम्ही रॅम्पला हात लावत नाही.

कोरडेपणाचं म्हणाल तर तेल मुद्दामच कमी दिलंय: स्लाइडच्या दोन्ही रुळांवर एकेक थेंब, नळी जिथे स्लाइडला घासते तिथे एक, डिस्कनेक्टरवर (स्लाइड मागे असताना चापाचा संबंध तोडणारा भाग) एक. चेंबरमध्ये, फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझिनमध्ये तेल अजिबात नाही. मॅगझिनमधलं तेल धूळ धरून ठेवतं, फॉलोअर जड होतो आणि पातळ तेल प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस फुटतच नाही. घरी आणखी तेल घातलं असेल तर मॅगझिन आतून कोरड्या कापडानं पुसून घ्या.

उपाय सांगतो. सर्वात सोपा आणि आमच्या मते सर्वात चांगला: या पिस्तुलात पूर्ण लांबीची, गोल टोकाचीच काडतुसं वापरा. इतक्या छोट्या पिस्तुलात ते दर वेळी चालणं हे गोळीच्या टोकाच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. पोकळ टोकाचीच हवी असतील तर व्हर्नियरनं एकूण लांबी मोजून 25 मिलिमीटरच्या सर्वात जवळची निवडा. एकाच डब्यातली पाच मोजा, एक मोजून भागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे मॅगझिनच्या मागच्या भिंतीला बसणारी पातळ पट्टी, जी ती जादाची जागा भरते. तुमच्या मॉडेलसाठी तयार पट्टी मिळत असेल तर आम्ही बसवून देऊ, पण मग त्या मॅगझिनमध्ये गोल टोकाची लांब काडतुसं बसणार नाहीत, हे ध्यानात ठेवा. घरी पत्रा कापून घालू नका, तो सुटून फॉलोअरखाली गेला की मॅगझिन पूर्णच बंद पडतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये चढवायचं, काढायचं आणि परत चढवायचं, असं करू नका. रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत आत जाते, काडतूस आणखी आखूड होतं. रिम लॉक तर वाढतोच, शिवाय आतली जागा कमी झाल्यानं दाबही वाढतो. आणि बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार अजिबात करू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडे धरून 30 सेकंद थांबा, मगच स्लाइड उघडा.

हा तपास आम्ही विनामूल्य करू. येताना पिस्तूल रिकामं, स्लाइड मागे अडकवलेली, दोन्ही मॅगझिन रिकामी आणि काडतुसं वेगळ्या डब्यात आणा, सोबत परवाना. ओरखडा पडलेली काडतुसं आणि त्या डब्याचं झाकणही आणा, बॅच नंबर त्यावर असतो. एकेक-दोन-चारची चाचणी करून आलात तर कोणत्या मॅगझिनवर, कितव्या काडतुसाला अडकलं एवढं कागदावर लिहून आणा. मॅगझिनची आतली लांबी आणि तुमची काडतुसं तुमच्यासमोरच मोजू.