सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी आली? घाबरू नका, सभा बोलवा

सोसायटीच्या कमिटीवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन! म्हणजे सर्वसाधारण सभेला तुम्ही गैरहजर होतात. असो. तुमच्या टेबलावर पहिला अर्ज येईल तो बी-विंगमधल्या कुणा उत्साही सभासदाचा : 'इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. माझ्या पार्किंगमध्ये, माझ्या खर्चाने चार्जर बसवायचा आहे. ना हरकत पत्र मिळावे.' 'माझ्या खर्चाने' वाचून विरघळू नका. अर्ज फाइलला लावा. गळतीचे अर्ज ठेवतो ती फाइल.

सभासद वाचणारा निघाला तर नियम दाखवील. घरच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर लावायला मुभा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच सांगून टाकलंय. २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत बदल झाला, नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय हवी, वगैरे. शांतपणे ऐका आणि म्हणा, 'ते दिल्लीचं झालं. आपली सोसायटी कोथरूडात येते.'

तरी ऐकेना, तर सभा बोलवा आणि 'लोड' हा शब्द उच्चारा. तो कुणालाच नीट कळत नाही, पण सगळे गंभीर होतात. भिंतीवरचा चार्जर ७.४ किलोवॅटचा, उद्या वीस जणांनी बसवले तर १४८ किलोवॅट! ट्रान्सफॉर्मर उडाला, लिफ्ट अडकली, लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या आजी. आजी हव्यातच, त्याशिवाय ठराव बारगळत नाही.

इथे मागच्या रांगेतून एक निवृत्त इंजिनिअर उठतील. त्यांना बसवा. त्यांचा हिशेब घातक आहे. ते म्हणतील, शहरात गाडी दिवसाला ४० किलोमीटर फिरते धरा, युनिटला ७ किलोमीटर धरा, म्हणजे रोजची सहा युनिटं. वीस गाड्यांची १२०. रात्री दहा ते सकाळी सहा, या आठ तासांत वाटली तर सरासरी १५ किलोवॅट. एवढा लोड तर सकाळी सात वाजता सात-आठ गीझर लागले की एकट्या ए-विंगमध्येच पडतो, आणि तेव्हा कुणी सभा बोलवत नाही. शिवाय स्मार्ट लोड मॅनेजमेंट म्हणजे काही रॉकेट नव्हे. मुख्य केबलवर मीटर बसवायचा, शिल्लक वीज बघून चार्जरना वाटायची. पाण्याचा पंप सुरू झाला की गाड्यांनी हात आखडता घ्यायचा, पंप थांबला की पुन्हा घ्यायचं. पंगतीतला वाढपी करतो तेच. हे लोकांना कळलं तर विषय दहा मिनिटांत मंजूर होईल, म्हणून वाढपी शब्द येताच चहा आणि वेफर्स आत पाठवा.

परवानगी नाकारली की प्रश्न सुटतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून नारिंगी केबल खाली सुटते. आमच्याकडची मी जवळून पाहिली आहे. मध्ये दोन जोड, जोडांवर दुधाची पिशवी आणि रबरबँड, शेवटचा एक्स्टेन्शन बोर्ड टायरशेजारी विटेवर ठेवलेला. केबलला हात लावला तर चांगली कोमट लागली. पावसाळ्यात बोर्डावर श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घालतात. तुम्ही तिकडे बघू नका. चार्जरच्या कागदावर तुमची सही लागली असती. विटेवर लागत नाही.

कधी नाइलाज होऊन स्मार्ट यंत्रणा बसवावीच लागली, तर ती आमच्यासारखी बसवा. चार्जर सहा, अॅप एक, अॅडमिनचा नंबर सेक्रेटरींचा. चार्जर अडला की ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो. सेक्रेटरी सध्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे, न्यू जर्सीला. फोन उचलतात बिचारे, तक्रार नाही. फक्त जाण्याआधी त्यांनी पार्किंगमध्ये पाटी लावून ठेवली आहे : 'ओटीपीसाठी दुपारी १ ते ४ फोन करू नये. हुकुमावरून.'

दुपार तिथली. उन्हाळ्यात ती आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते आणि दीडला संपते.