पुरंदरचं 'नुसतं माळरान'

"तिकडे आहेच काय, नुसतं माळरान!" पुरंदर तालुक्यात होऊ घातलेल्या पुण्याच्या नव्या विमानतळाचा विषय निघाला की पुण्यातली चांगली शिकलीसवरलेली माणसंही हे वाक्य टाकतात. दिवे घाट चढून वर आलं की उन्हाळ्यात सगळं करपलेलं दिसतं, तेव्हा गाडीच्या काचेतून तसं वाटणारच म्हणा.

पण अंजिराला नेमकं हेच लागतं. कोरडी हवा, खाली मुरूम, पाणी साचू न देणारी जमीन. हवा दमट झाली की पानांवर तांबेरा चढतो आणि बहार हातचा जातो. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी विमानतळासाठी पुरंदरचं नाव जाहीर झालं. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, पारगाव, खानवडी ही त्यात जमीन जाणारी सात गावं. खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव, एवढं तरी पुणेकरांना ठाऊक असावं.

आता बागेतलं सांगतो. अंजीर तोडायला बायका भल्या पहाटे येतात. फळ ओढायचं नाही, देठाला हलका पीळ द्यायचा. देठातून पांढरा चीक येतो, तो लागून बोटांची सालं निघतात. ऊन वर यायच्या आत माल सासवडच्या बाजाराकडे निघायला हवा, कारण पिकलेलं अंजीर दोन दिवस धरवत नाही. म्हणजे पुणे-मुंबईचं गिऱ्हाईक इतकं जवळ नसतं तर इथे अंजीर एवढं रुजलंच नसतं. खट्ट्या बहाराचं आणि मीठ्या बहाराचं, म्हणजे अंजिराच्या वर्षातल्या दोन्ही हंगामांचं, गणित बसलं ते शहराच्या जिवावर, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण शहराने दिलं काय, तेही बघा. पुरंदर उपसा योजनेतून आम्हाला मिळतं ते मुळा-मुठेचं पाणी, म्हणजे पुण्याने वापरून सोडलेलं. घाटाखाली उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा सोसला. 2017 ला ही गावं पालिकेत घेतली, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. पाणी वापरलेलं, कचरा फुकट, आणि आता जमीन.

सगळे शेतकरी विमानतळाच्या विरोधात आहेत असंही नाही. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून लाठीमार झाला, आणि पुढे त्याच वर्षी पुष्कळांनी संमतीपत्रंही दिली. ज्याला दोन पोरं आहेत, दोघांनाही छाटणी-फवारणी नको आहे आणि सोयरीक जुळवताना 'शेती करतो' म्हटलं की पुढचा गप्प होतो, त्याने मोबदला आणि विकसित भूखंड घेतला तर मी कोण त्याला बोल लावणार? माझा राग त्याच्यावर नाही. चालती बाग 'पडीक' म्हणून मोडीत काढणाऱ्यांवर आहे.

मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. वाट्याने बाग करणारा, छाटणीवाला, चिकाने हात सोललेल्या त्या बायका, टेम्पोवाला, यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. त्यांची यादी कोणी करायला घेतली असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा. आमच्या भागातली नावं मी फिरून गोळा करून देतो.