आपट्यांची यादी

‘आमच्या आडनावाची थोर माणसे’ अशा याद्या समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांतली आपट्यांची यादी मला विशेष रंजक वाटते, कारण ज्या कुलाभिमानापोटी ती केलेली असते, तो ती नीट वाचल्यावर टिकत नाही.

यादीत दोन कादंबरीकार असतात. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि मराठी सामाजिक कादंबरीचा पाया घातला. नारायण हरी आपटे हे पुढच्या पिढीतले. नावांची ही उलटापालट पाहून त्यांना बापलेक समजणारे वाचक पुष्कळ आहेत, पण ते बापलेक नव्हते. या दुसऱ्या आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये ‘कुंकू’ हा चित्रपट काढला आणि त्यात वयस्क नवऱ्याला पती मानायला ठाम नकार देणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली. त्या पडद्यावरच बंडखोर होत्या असेही नाही, कारण १९३९ मध्ये त्याच प्रभातच्या स्टुडिओत त्या कंपनीविरुद्ध उपोषणाला बसल्या होत्या. यादीत मात्र त्यांच्यापुढे ‘गायिका-अभिनेत्री’ एवढेच लिहिलेले असते.

कोशकारही दोन आहेत, आणि त्यांचीही गल्लत होते. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपासच गेले, हे त्यांच्या कामाचा व्याप पाहता खरे वाटत नाही. ‘मराठी शब्दरत्नाकर’ मात्र वासुदेव गोविंद आपट्यांचा, ज्यांनी १९०६ मध्ये मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले.

क्रिकेटपटू माधव आपटे यांच्याविषयी मला खरी हळहळ वाटते. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या कसोटींत त्यांनी ४६० धावा केल्या, त्यात पोर्ट ऑफ स्पेनचे नाबाद १६३ होते. सात कसोटींत ४९ हून अधिक सरासरी असताना त्या दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही. आडनावाच्या पुण्याईने माणसे मोठी होत असती, तर ती पुण्याई निवड समितीच्या दारात कुठे गेली होती, असे यादीकारांना विचारावेसे वाटते.

आणि एक नाव या याद्यांत मला कधीच दिसलेले नाही. गांधीहत्येच्या कटाबद्दल १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात नथुराम गोडसेबरोबर फाशी गेलेला नारायण आपटे. तो गाळणे मला समजते. त्याच्या कृत्याचा इतर आपट्यांशी काडीचाही संबंध नाही, असे यादीकार म्हणतील आणि ते अगदी बरोबर आहे. पण मग वामन शिवरामांच्या कोशाशी किंवा माधवरावांच्या १६३ धावांशी तरी इतर आपट्यांचा संबंध कोणता, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे. श्रेय आडनावाच्या खात्यात आणि दोष एकट्या माणसाच्या, हा हिशेब मला मान्य नाही.